झिरो

सोमवारी उभ्या मारुतीजवळचं माझं दुकान बंद असतं,
म्हणून महिन्यातला एक सोमवार रिमांड होमचा.
मागच्या फरशीवर एक स्टूल, एक बादली,
डोक्यामागं पंचवीस रुपये
आणि बिल निघायला दिवाळी.

पोरं भिंतीकडेनं उकिडवी बसतात.
साहेब खिडकीतनं हाका मारतात :
ए मोटरसायकल, पुढं हो.
मोबाईल, तू त्याच्या मागं.
हाफ मर्डर, नखं दाखव.

पेपरात यांची नावं छापायला बंदी आहे.
तसा कायदाच आहे, आणि चांगला आहे.
पण आत आल्यावर ती नावं कुठं ठेवतात
ते मला अजून कळलेलं नाही.
मी विचारतो. मानेला कपडा बांधताना, हळूच.
कुणी सांगतं.
कुणी आधी माझ्या हाताकडं बघून घेतं.

सगळ्यांना झिरो. उवा होतात, म्हणे.
चाळीस वर्षं डोकी हाताळली मी.
भोवरा कुठं वळतो, लहानपणी कोण कुठनं पडलंय,
बोटांना कळतं.
उन्हानं रापलेली मान कॉलरपाशी संपते
आणि त्याच्याखाली ती अजून न्हाऊ घातलेल्या पोराची असते,
हेही.

त्या सोमवारी शेवटी एकच पोरगं राहिलं.
शिरोलीला फौंड्रीत वाळू चाळायचं,
बिडाचे तुकडे उचलले म्हणून आणलेलं.
साहेब म्हणाले, टिपुगडे, भंगारचं राहू दे.
म्हटलं, मानेवर आल्यात की केसं.
राहू दे म्हटलं ना. उद्या त्याची तारीख हाय.

मी पेटी आवरायला घेतली.
साहेबांचा फोन वाजला, ते व्हरांड्याच्या टोकाला गेले.
पोरगं आपणहून येऊन स्टुलावर बसलं.
काका, मला बी झिरो.

आजवर एकाही पोरानं मला झिरो मागितला नव्हता.
सगळी म्हणतात, पुढचे जरा ठेवा, आई येणाराय.

सवयीनं केसांत बोटं घातली.
उजव्या कानाच्या वर, जरा मागं, बोट थांबलं.
बाभळीच्या डिंकासारखं काहीतरी कडक.
टाके नव्हते. कुणी घातलेच नव्हते.
आधी त्याच्या खांद्यानं सांगितलं, मग त्यानं :
पट्ट्याचं बक्कल.
ठाण्यात का इथं, विचारलं मी.
तो म्हणाला, तुम्ही मारा की झिरो.

मी फार विचार केला असं म्हणालो तर ते खोटं.
मशीनला तेल दिलं.
जखमेच्या कडेकडेनं कात्री चालवली, फुंकर घालत घालत,
घरातलं पोर असल्यासारखं नाही,
गिऱ्हाईक असल्यासारखं. त्यानं सांगितलं होतं, मी केलं.
नाव विचारलं तर पूर्ण सांगितलं, बापाच्या नावासकट.
ते मी कुठं लिहिणार नाही.

साहेब परत आले.
डोकं उघडं होतं, ऊन सरळ त्याच्यावर.
ते काही बोलले नाहीत.
पेटीकडं बघितलं, माझ्याकडं, परत पेटीकडं.

पुढल्या महिन्यात निरोप आला,
नवा माणूस वीस रुपयांत करतोय.

मंडळापुढं काय झालं मला माहीत नाही.
तिथं म्हणे पोलीस वर्दीत नसतात,
पोराला पिंजऱ्यात उभं करत नाहीत,
बाई स्वतः विचारतात, बाळ, तुला काही सांगायचंय का.
म्हणे.
बाईंनी त्याला पाठमोरं व्हायला सांगितलं का,
एवढंच मला कुणीतरी सांगावं.
समोरनं तो चांगला दिसायचा.

दुकानात कटिंग झाली की मी मागं आरसा धरतो.
रिमांड होमात आरसा न्यायला मनाई होती, काच म्हणून.
इथं मनाई नाही.
तरी दहातली आठ गिऱ्हाइकं न बघताच मान हलवतात,
ठीक आहे, ठीक आहे,
आणि मी आरसा तसाच धरून उभा राहतो
जरा जास्तच वेळ.